दुकानापुढचा रस्ता : काळा घोडा असोसिएशनची पंचवीस वर्षे

३० ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईच्या फोर्ट भागात ‘काळा घोडा असोसिएशन’ स्थापन झाली. रिगल चौकापासून मुंबई विद्यापीठापर्यंतचा महात्मा गांधी रस्ता, त्याला येऊन मिळणारा के. दुभाष मार्ग, आतल्या काही गल्ल्या, पश्चिमेला ओव्हल मैदान आणि पूर्वेला नौदलाच्या गोदीचे लायन गेट, एवढाच संस्थेचा मुलूख. रमतगमत चालले तरी सकाळ पुरते. पण एवढ्याशा जागेत एक मोठे संग्रहालय, दोन नामवंत कलादालने, दीडशे वर्षे जुने ग्रंथालय, एक महाविद्यालय, एक सिनेगॉग, जर्मन भाषेचे केंद्र आणि यांच्या मधल्या फटींत बसलेली दुकाने, उपाहारगृहे, कचेऱ्या अशी दाटी आहे. हे सारे शेजारी एकत्र आले ते कुणावर उपकार करण्यासाठी नव्हे. दारापुढचा रस्ता घसरणीला लागला होता आणि त्याच्याबरोबर येणारी-जाणारी माणसेही कमी होत होती.

बाजारपेठेचा स्वभाव सगळीकडे एकच. अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीची पेठ असो की मुंबईचा फोर्ट, दुकानाच्या पायरीपर्यंतची जागा आपली आणि पायरीखालचे गटार नगरपालिकेचे, हा हिशेब पक्का ठरलेला असतो. काळा घोड्याच्या शेजाऱ्यांनी तो मोडायचे ठरवले. संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीत उत्सव, पुरस्कार, पाहुणे पुष्कळ येतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी ही एक गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगितली.

पूर्वपीठिका : घोडा आला आणि गेला

१८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि शहराला मोकळा श्वास मिळाला. तट गेला, पण त्याचे नाव ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याला चिकटून राहिले. तोच आजचा के. दुभाष मार्ग. मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या मैदानावर एकामागून एक इमारती उठल्या. त्याच दशकात वॉटसन हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून इथे आणून जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि भारतात सिनेमाचे पाऊल पडले.

डेव्हिड ससून ग्रंथालयाची कथा या परिसराला विशेष शोभणारी आहे. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यंत्रकारागिरांना वाटले की आपल्याला एक वाचनालय आणि यंत्रांच्या नमुन्यांचे संग्रहालय हवे. पुढे बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी देणगी दिली आणि १८७० मध्ये मालाडच्या दगडातली आजची इमारत पुरी झाली. कष्टकऱ्यांची गरज, व्यापाऱ्याचा पैसा आणि सगळ्यांसाठी उघडे दार ही सांगड इथे तेव्हापासूनची.

डेव्हिड ससून यांचे पुत्र सर अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये आणखी एक भेट शहराला दिली. १८७५ साली मुंबईत येऊन गेलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोहम. घोड्यावर राजपुत्र कोण बसला आहे याच्याशी मुंबईकराला फारसे देणेघेणे नव्हते. त्याला काळसर धातूचा घोडा दिसला आणि भागाला नाव मिळाले. १९६५ साली पुतळा इथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. घोडा गेला, राजपुत्र गेला, मागे वाहनतळ उरला, तरी नाव कायम राहिले. बस कंडक्टरपासून चित्रकारांपर्यंत सगळे ‘काळा घोडा’च म्हणत राहिले.

दरम्यान संस्था उभ्या राहतच होत्या. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत १८८८ ची. फोर्ब्स स्ट्रीटवरचे, म्हणजे आजच्या डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावरचे, केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चे. आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग मुळात लंडनच्या एका मोठ्या दुकानाच्या मुंबई शाखेसाठी बांधलेली, तेव्हा हा भाग केवळ ज्ञानाचा आणि देवाचा होता असे समजू नये, तो पहिल्यापासून गिऱ्हाइकांचाही होता. १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, १९२२ मध्ये लोकांना खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आणि २१ जानेवारी १९५२ रोजी उघडलेले जहांगीर कलादालन यांनी चौकट पुरी केली.

साठ ते ऐंशीची दशके : उतरती कळा

या तीन दशकांना संस्थेच्या इतिहासात जागा द्यावी लागते, कारण दुखणे कळल्याशिवाय औषध कळत नाही.

वरवर पाहता सगळे ठीक होते. जहांगीरच्या आवारात १९६४ मध्ये ‘समोवार’ सुरू झाले आणि चित्रकार, नट, पत्रकार, प्रेमात पडलेली महाविद्यालयीन मुले यांची तिथे गर्दी होऊ लागली. ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये लोक तबकड्या घ्यायला येत. घेण्याआधी छोट्या खोक्यासारख्या खोलीत उभे राहून तबकडी ऐकता येई, आणि खिसा रिकामा असलेला विद्यार्थीही अख्खी एक बाजू ऐकून निघून जाई. दुकानदार ते चालवून घेत. ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात खिडकीजवळच्या टेबलाशी अरुण कोलटकर बसत आणि समोरच्या चौकातली कुत्री, झाडूवाल्या बायका, न्याहारी विकणारे, ती खाणारे यांच्याकडे पाहत. त्या पाहण्यातून त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ झाल्या. त्या पुस्तकरूपाने आल्या २००४ मध्ये, म्हणजे कवीच्या निधनाच्या वर्षी.

पण इमारती आतून पोखरत होत्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले हे खरे, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यात छपराची कौलेही बदलता येत नाहीत हेही तितकेच खरे. मालक दुरुस्ती करेना आणि भाडेकरू आपल्या खिशातून करेना. सज्जांना टेकू लागले, कमानींमधून पिंपळ उगवले. वॉटसन हॉटेलची ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाली आणि तिच्यात वकिलांच्या व लहानसहान धंद्यांच्या खोल्या दाटल्या. सत्तरच्या दशकात भराव टाकून नरिमन पॉइंट उभे राहिले, मोठ्या कंपन्या तिकडे गेल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आले. फोर्टमधल्या कचेऱ्या सुटल्या की शनिवारी दुपारनंतर रस्ता ओस पडे आणि उरलेल्या जागेवर गाड्या उभ्या राहत. कावसजी जहांगीर हॉलमध्ये एके काळी संगीताच्या मैफली आणि कामगारांच्या सभा होत. तोही पडून होता. त्याचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रूपांतर व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

नव्वदचे दशक : नियम आला, पैसा कोण देणार?

एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहराच्या पातळीवर अशी नियमावली देशात पहिलीच. सहाशेहून अधिक इमारती आणि परिसर यादीत आले, त्यांच्या श्रेणी ठरल्या, वारसा जतन समिती नेमली गेली. काळा घोडा परिसराचा समावेश त्यात झाला. आता यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडता येणार नव्हती, तिचा दर्शनी भाग मनाला येईल तसा बदलता येणार नव्हता.

मात्र नियमाने ‘काय करू नये’ एवढेच सांगितले. दुरुस्तीचा पैसा कुठून यायचा आणि ती इमारत वापरात कशी राहायची, याचे उत्तर नियमावलीत नव्हते. ते शोधण्याचे श्रेय अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला आणि वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्यासारख्या अभ्यासकांना जाते. त्यांनी फोर्टचा एकेक भाग वेगळा घेऊन पाहिला. बॅलार्ड इस्टेटचा स्वभाव कचेऱ्यांचा, हॉर्निमन सर्कलचा बँकांचा, तर काळा घोड्याचा कलेचा. जुने दगड केवळ जुने म्हणून टिकत नाहीत. आजचा एखादा धंदा, आजचे एखादे काम त्यांच्या आत चालले पाहिजे, तेच त्यांचा खर्च उचलते. इथे दालने, संग्रहालये, ग्रंथालय आधीच हजर होते. त्यांना एकत्र ‘कलाजिल्हा’ म्हणून उभे करावे, म्हणजे माणसे येतील, माणसे आली की दुकाने चालतील, आणि दुकाने चालली की रस्त्याकडे लक्ष जाईल, असा तो विचार.

आमच्या मते संस्थेच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा क्षण आहे. पुढच्या महोत्सवाचे फलक, रोषणाई, गर्दी यांत तो हरवून जातो.

या विचाराला देह मिळाला तो १९९८ मध्ये. दालनांचे चालक, संग्रहालयाचे आणि ग्रंथालयाचे प्रतिनिधी, वास्तुविशारद, रहिवासी, दुकानदार, उपाहारगृहवाले असे सर्व एका टेबलाभोवती बसले. ना नफा तत्त्वावरची संस्था, मानद पदाधिकारी आणि परिसराची देखभाल व जतन हे उद्दिष्ट. मतभेद कुठल्या संस्थेत नसतात? इथेही होते. कला मोठी की व्यापार मोठा, वाहनतळ हवा की मोकळा चौक, या प्रश्नांवर दोन्हीकडून बोलण्यासारखे पुष्कळ असते. स्मरणिकेच्या पानांत त्याची उजळणी करण्याचे कारण नाही. टेबल सोडून कायमचे कुणी उठले नाही, एवढे नोंदवले तरी पुरे.

१९९९ च्या प्रारंभी पहिला काळा घोडा कला महोत्सव भरला. निधी कसा उभारायचा या प्रश्नाचे ते उत्तर होते.

२००० ते २००९ : महोत्सव आणि फरसबंदी

महोत्सवाची घडी याच दशकात बसली. फेब्रुवारीतला पहिला शनिवार ते पुढच्या आठवड्यातला रविवार असे नऊ दिवस तेव्हा ठरले. त्यात दोन शनिवार-रविवार पदरात पडतात, आणि मुंबईत त्या सुमारास हवाही साथ देते. प्रवेशाला पैसे नाहीत. ही अट संस्थेने सुरुवातीपासून सोडली नाही आणि ती सोपी नव्हती. चित्र, नाट्य, नृत्य, संगीत, साहित्य, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम, वारसा फेरी, नगररचना अशा विभागांतून कार्यक्रम वाटले गेले. जागाही वाटल्या गेल्या. ग्रंथालयाच्या मागच्या बागेत लेखक बोलत, दुभाष मार्गावर मांडणशिल्पे आणि कारागिरांचे गाळे लागत, गाण्या-नाचासाठी क्रॉस मैदान किंवा हॉर्निमन सर्कलसारखी मोकळी जागा घेतली जाई.

वरून दिसते तेवढे हे सुटसुटीत नसते. दुभाष मार्ग वाहनांना बंद करायचा म्हणजे वाहतूक पोलीस, स्थानिक ठाणे, महापालिकेचा विभाग, अग्निशमन दल, वारसा समिती अशा दारोदार फाइल फिरते. रस्त्यावर खांब रोवता येत नाहीत, दगडी भिंतीला खिळा मारता येत नाही. मांडव वजनावर उभा करावा लागतो. गाळ्यांचे शुल्क आणि प्रायोजकांचा पैसा यांतून खर्च भागवायचा आणि उरलेले परिसराच्या कामाला लावायचे, असा व्यवहार. चित्रकार ब्रिंदा मिलर यांनी महोत्सवाची धुरा दीर्घकाळ वाहिली. संस्थेच्या अध्यक्षपदावरून मानेक दावर यांनी प्रायोजक, प्रशासन आणि स्वयंसेवक यांची मोट बांधली. पण त्यांची नावे घेताना दरवर्षी पिवळे-लाल बिल्ले लावून गर्दीला वाट दाखवणारी महाविद्यालयीन मुले, रात्री गाळे उभारणारे मांडववाले आणि पहाटे रस्ता झाडणारे पालिकेचे कामगार यांना वगळून चालणार नाही. नवव्या दिवसाच्या रात्री मांडव उतरतो आणि सोमवारी सकाळी रस्ता कचेऱ्यांना परत द्यायचा असतो. तो वेळेत परत जातो, कारण हे लोक रात्रभर जागतात.

याच काळात पदपथांची फरसबंदी, बसायचे बाक, दिवे यांकडे लक्ष गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीचे जतन झाले आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली.

त्याच वर्षी त्याच पुरस्कारांत काळा घोड्यापासून दहा मिनिटांवरच्या दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कामाचाही गौरव झाला. त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण व्यापाऱ्यांनी एकत्र येण्याचा त्याहून बोलका दाखला फोर्टात नाही. क्रॉफर्ड मार्केट ते हुतात्मा चौक हा मैलभराचा रस्ता म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. तिथल्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची ओसरी ठेवावी, असा नियम १८९६ मध्ये झाला. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या घडणीच्या, पण खालची ओसरी सगळ्यांची एक. पावसात छत्री न उघडता माणूस पुढे जाऊ शके. शंभर वर्षांनी त्या कमानींवर पाट्यांचे थर चढले होते. दुकानाच्या नावाची पाटी, तिच्यावर थंड पेयाच्या जाहिरातीची पाटी, तिच्यावर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची पाटी. कमान कुठे आहे हे हाताने चाचपून पाहावे लागे.

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी या रस्त्याची इमारतवार पाहणी केली आणि प्रत्येक दुकानासाठी पाटीची जागा, उंची, आकार सुचवला. पाटी कमानीच्या आत बसावी, खांब आणि कोरीवकाम मोकळे राहावे. दुकानदाराला पहिली भीती ही की पाटी लहान केली तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. शेजाऱ्याचीही पाटी लहान होणार म्हटल्यावर ती भीती उरत नाही, आणि हे एकेकट्याने करण्यासारखे नाही ते याच कारणाने. पुढे इथले दुकानदार आणि इमारतींचे मालक ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ म्हणून एकत्र आले. काळा घोड्याचे शेजारीपण त्यांना लाभले आणि त्यांच्या अनुभवाने काळा घोडाही शहाणा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. ताजमहाल हॉटेल आणि लिओपोल्ड कॅफे ही काळा घोड्याच्या हाकेच्या अंतरावरची ठिकाणे. जेमतेम अडीच महिन्यांवर महोत्सव होता. तो झाला. कुलाबा आणि फोर्टच्या दुकानदारांना त्या फेब्रुवारीत गर्दी दिसणे किती गरजेचे होते, हे त्यांनाच ठाऊक.

२०१० ते २०१९ : गेलेली दुकाने, आलेला घोडा

या दशकाचे जमाखर्च एका ओळीत मांडता येत नाहीत.

खर्चाची बाजू आधी. ३१ मार्च २०१५ रोजी ‘समोवार’ बंद झाले. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर ‘ऱ्हिदम हाउस’ने दार लावले. तबकड्या, मग कॅसेट, मग सीडी असा प्रवास करून ते दुकान संगीत फोनमध्ये गेल्यावर थांबले. ‘वेसाइड इन’ त्याआधीच गेले होते. यात संस्थेचा दोष काही नाही. पण भाग सुधारला की भाडी चढतात, आतल्या गल्ल्यांत कपड्यांची उंची दुकाने आणि कॉफीची ठिकाणे येतात, आणि ज्यांच्यामुळे हा भाग आवडू लागला त्या जुन्या जागा हळूहळू परवडेनाशा होतात, हे जगभर घडते आणि इथेही थोडेफार घडले. पंचविशीच्या स्मरणिकेत कौतुकाबरोबर याचीही नोंद असावी.

जमेची बाजू मोठी आहे. बोमनजी होर्मसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १८८२ मध्ये उभारलेला बाजारगेटचा घड्याळाचा मनोरा आणि पाणपोई यांचे जतन झाले. त्यानंतर १८९४ चे रतनसी मुळजी जेठा कारंजे. कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत मुलाच्या आठवणीसाठी बांधलेल्या या कारंज्याची रचना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची. व्हिक्टोरिया टर्मिनस आणि महापालिकेची इमारत उभारणारे तेच हे स्टीव्हन्स. कित्येक वर्षे त्यातून पाणी नव्हते, कबुतरांची वस्ती मात्र भरपूर होती. काळा घोडा असोसिएशनच्या पुढाकाराने आणि संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली ही कामे झाली आणि दोन्हींची युनेस्कोच्या पुरस्कारांत दखल घेतली गेली. संस्थेची हद्द ओलांडून बाजारगेटपर्यंत पैसा का न्यायचा, असा प्रश्न कुणी विचारील. महोत्सवाला येणारा माणूस हद्द पाहून चालत नाही, हे त्याचे उत्तर.

२०१७ च्या आरंभी चौकात नवा घोडा उभा राहिला. रचना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. चौथऱ्यासह सुमारे पंचवीस फूट उंच आणि पाठीवर स्वार नाही. बावन्न वर्षे मोकळ्या असलेल्या जागेला तिचे नाव परत मिळाले. रिकाम्या पाठीचा घोडा कशाला, असे काही जणांनी विचारले, पण राजपुत्र परत आणण्यात कुणाला रस नव्हता हे उघड आहे. नाव घोड्याचे होते, घोडा आला, झाले.

३० जून २०१८ रोजी मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या आणि आसपासच्या ९४ इमारती. त्यात काळा घोड्याच्या इमारतीही आहेत. हा मान शासनाचा, अभ्यासकांचा आणि ओव्हल, मरीन ड्राइव्ह, फोर्ट इथल्या नागरिकांच्या संघटनांचा एकत्रित. २०१९ मध्ये सिनेगॉगचे जतन पुरे झाले. जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या मदतीने आभा नारायण लांबा यांच्या चमूने ते केले. कित्येक वर्षांचा भडक आकाशी रंग खरवडून खालचा मूळ गडद निळा आणि पांढरा रंग परत आणला गेला, तेव्हा रोज त्या गल्लीतून जाणारे लोकही थांबून पाहू लागले. त्याच वर्षी युनेस्कोने या कामाला पुरस्कार दिला.

२०२० नंतर : बंद रस्ता, उघडा रस्ता

करोनाच्या साथीने फोर्ट पुन्हा ओस पडला, यावेळी शनिवार दुपारपुरता नव्हे. दोन वर्षे रस्त्यावरचा महोत्सव झाला नाही. दुकानांची भाडी थांबली नव्हती, विक्री मात्र थांबली होती. अनेक कारागिरांचा वर्षाचा मोठा धंदा याच नऊ दिवसांत होतो, त्यांचे हाल वेगळे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महोत्सव परतला आणि पहिल्याच शनिवारी दुभाष मार्गावर चालायला जागा उरली नाही.

त्याच वर्षी डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत जतनानंतर वाचकांना पुन्हा खुली झाली. मधल्या काळात कधीतरी घातलेले बेढब छत काढून मूळचे उतरते छप्पर आणि त्याखालची उंची परत आली. अनेक देणगीदारांचा हात या कामाला लागला. ज्या वाचनालयाची कल्पना कारागिरांच्या डोक्यातून निघाली, तिथे आजही परीक्षेचा अभ्यास करणारी मुले दुपारी बागेकडच्या सज्जात आरामखुर्च्यांवर पाय लांब करून बसतात.

२०२५ मध्ये महोत्सवाने रौप्यमहोत्सवी वर्ष साजरे केले. महापालिकेने आतल्या गल्ल्या पादचाऱ्यांसाठी नव्याने घडवण्याचे काम हाती घेतले आहे. हा बदल संस्थेच्या मूळ विचाराला धरून आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबर २०२१ पासून वर्षातला एक दिवस वाहने बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळतात. तिथल्या दुकानदारांच्या मनातही पहिला प्रश्न गाडीवाल्या गिऱ्हाइकाचाच होता. काळा घोड्याचा अनुभव सांगतो की गाडीतला माणूस दुकान पाहतो, आणि आत शिरतो तो पायी चालणारा.

सगळे काम झाले असे नाही. एस्प्लनेड मॅन्शन धोकादायक ठरवून २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली आणि तिच्या भवितव्याचा प्रश्न लोंबकळत आहे. भारतात सिनेमा जिथे पहिल्यांदा दिसला, ती इमारत जाळ्यांमागे उभी आहे. तिचे जतन एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. शासन, न्यायालय, मालक आणि भाडेकरू एकत्र बसले तरच ते होईल. महोत्सवातल्या गर्दीचाही विचार करावा लागणार आहे. मांडणशिल्पासमोर स्वतःचे छायाचित्र काढून पुढे सरकणाऱ्यांची रांग दरवर्षी लांबते आहे आणि त्या रांगेत ग्रंथालयाच्या बागेतला वक्ता ऐकू येत नाही. नऊ दिवस थोडे आवरते घेऊन वर्षभर लहान लहान कार्यक्रम पसरवावेत, असे आम्हाला वाटते.

पंचवीस वर्षांत संस्थापकांपैकी काही निवृत्त झाले, काही दिवंगत झाले, नवे शेजारी आले. जुन्या दुकानांच्या जागी जी नवी दुकाने आली, त्यांच्या मालकांनीही पदपथाच्या कामात आपला वाटा उचलावा, अशी संस्थेची अपेक्षा आहे. वाचकांना एकच विनंती. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनची गाडी हुतात्मा चौक स्थानकावर थांबते आणि तिथून काळा घोडा चालत दहा मिनिटांवर आहे. पुढच्या महोत्सवाला अवश्य या, दोन वस्तू विकतही घ्या, पण गाडी घरीच ठेवा.